नोटिशीची मागची बाजू

परवा रविवारी धाकटी मुक्ता पुण्याहून आली. जेवायला बसली न बसली तोच तिनं लॅपटॉप माझ्या ताटाशेजारी उघडला आणि विचारलं, "पप्पा, ऑनर्स घेऊ, का सीजीपीए सांभाळू? ऑनर्सचे पेपर जाम अवघड असतात. सीजीपीए घसरला तर कंपन्या दारातसुद्धा उभं करत नाहीत. बुधवारपर्यंत फॉर्म भरायचाय." तिची आई म्हणाली, "त्यांना काय विचारतेस? त्यांच्या वेळी शिरूरात ऑनर्स तरी होतं का?" होतं. म्हणजे होणार होतं. ते का झालं नाही हे या घरात एकट्या मला माहीत आहे. मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो तिथंच विरघळू दिला.

या पुस्तकात मी आतापर्यंत माझे पुष्कळ गाढवपणे सांगितले. सायकलीसकट घोडनदीत गेलो ते सांगितलं, चुलतभावाच्या साखरपुड्यात भलत्याच मुलीच्या बापाच्या पाया पडलो तेही सांगितलं. ते सांगताना मजा येते, कारण त्यात पडलो मी आणि लागलंही मलाच. हा गाढवपणा तसा नाही. यात चूक केली मी आणि लागलं दुसऱ्याला, म्हणून इतकी वर्षं तो पोटात ठेवला. हसू येईल तिथं वाचणाऱ्यानं खुशाल हसावं. मीही हसत होतो तेव्हा.

आमचं घर शिरूरला, स्टँडच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत मोरी आणि मोरीवर एक मिजासखोर नळ. आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर. शिरूर-दौंड ही त्यांची कायमची गाडी. त्या काळी कंडक्टरच्या हातात तिकिटं टोचायचा पंच असे, आणि गाडीत माणसांचं लक्ष वेधायला तो दांडीवर वाजवायची सवय. आप्पांचा हात घरीही थांबत नसे. जेवताना डावा हात मांडीवर टिक टिक करत राही. आई आत भाकरी थापायची, थप थप थप, बाहेर आप्पांची बोटं, टिक टिक टिक. या दोन तालांच्या मधे मी अभ्यास केला. आईच्या हातची हुलग्याची शेंगोळी, लसूण आणि हिरव्या मिरचीचा तव्यावर रगडलेला खरडा, शनिवारी बाजारातून आणलेले बोंबील. बोंबील भाजले की गल्लीतली सगळी मांजरं आमच्या पडवीत सभेला येत आणि आप्पा त्यांना म्हणत, "सरका, सरका, मागं जागा हाय."

आप्पांकडून मी दोन गोष्टी उचलल्या. एक, पायात चप्पल फरफटत चालणं. दुसरी, तोंडी हिशेब. कॉलेजात गेल्यावर या दुसऱ्या गुणाला बहर आला. शास्त्र शाखेच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मी वर्गातल्या सगळ्यांच्या टक्केवारीचा मुखत्यार झालो होतो. कँटीनच्या कोपऱ्यात बसायचं, गुणपत्रिका घेऊन पोरं यायची, आणि मी एसटीच्या जुन्या तिकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचं भवितव्य मांडायचो. "फिजिक्सला पंचावन्न पाड, बॉटनीत सत्तर काढ, फर्स्ट क्लास तुझ्या बापाचा." मोबदला एक कटिंग चहा. पोरं मला 'सरासरी' म्हणत. "सरासरी कुठंय रे?" अशी हाक आली की मी छाती काढून जायचो. ज्ञान मिळवण्यापेक्षा ते वाटून भागून एका आकड्यात बसवण्याची विद्या मला जास्त येत होती. तिचा मला गर्व होता, आणि या गर्वाचं पुढं काय झालं तेच इथं सांगायचंय.

रसायनशास्त्राला आम्हाला भालेराव सर होते. दौंडचे. वडील रेल्वेत गँगमन होते, ते लवकर गेले. घरी आई आणि हे. सर कायम नव्हते, तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढाच त्यांचा कॉलेजशी संबंध. आठवड्यातले तीन दिवस ते आप्पांच्या गाडीनं दौंडहून येत आणि त्याच गाडीनं परत जात. ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट, खिडकी. आप्पा सांगत, "तुझं सर गाडीत बी वाचत्यात रं. न्हावऱ्याला येवढा खड्डा हाय, आख्खी गाडी टाळूला लागती, ह्यांचं बोट वळीवरनं हालत न्हाई." आप्पांनी एकदा गाडीतच त्यांना विचारलं होतं, माझं पोरगं कसं काय? सर म्हणाले होते, हुशार आहे, घाई करतो. आप्पांनी मला त्यातला 'हुशार' तेवढा सांगितला. 'घाई'चं मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी कॉलेजात रसायनशास्त्राचं ऑनर्स सुरू करायचं ठरलं. नेहमीचे आठ पेपर, त्यावर ऑनर्सचे दोन जादा आणि एक प्रकल्प. नोटीस लागली. आमच्या कॉलेजचा नोटीस बोर्ड म्हणजे भिंतीतलं काचेचं कपाट. त्याला कुलूप, आणि किल्ली शिपायाच्या कमरेला. नोटीस मोठी होती, पण कागद वाचवायचा म्हणून ऑफिसनं ती पाठपोट छापली होती. शिपायानं ती काचेआड चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून नीट बसवली. पुढची बाजू सगळ्यांना दिसत होती; मागची बाजू फळीकडं तोंड करून होती. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मागे पहा' असं लिहिलेलं होतं. कसं पाहणार? आम्ही पोरं त्याच्यावर हसलो. मी तर सगळ्यांत जास्त हसलो, आणि काचेला नाक लावून मागं पाहण्याची नक्कलही करून दाखवली.

पुढच्या बाजूवर लिहिलं होतं की किमान पाच विद्यार्थी असल्याशिवाय ऑनर्स सुरू होणार नाही. आम्ही बरोबर पाच झालो: संगीता, अन्वर, पोपट, विजया आणि मी. पहिल्या चौघांना रसायनशास्त्र आवडत होतं. मला 'दत्तात्रय अमुक, बीएस्सी ऑनर्स' असं पाटीवर कसं दिसेल ते आवडत होतं. सरांचा चेहरा त्या आठवड्यात असा काही उजळला होता की आम्हाला वाटलं लग्न ठरलं. भीमेच्या पाण्याची तपासणी हा प्रकल्प त्यांनी योजला होता. पाच काचेच्या बाटल्या आणल्या, बुचाच्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून आपल्या वळणदार अक्षरात नाव आणि घाट लिहिला. माझ्या बाटलीवर होतं, 'दत्ता – वडगाव रासाई'. ते माझं आजोळ. सर म्हणाले, "तुला तिथं जेवायला मिळेल, म्हणून तुला तो घाट." वर्ग हसला. माझी किंमत त्यांनी ओळखली होती.

मग पहिली चाचणी झाली. पंचवीस गुणांची. मला पडले नऊ. पाणी पिण्यालायक आहे की नाही ते कसं तपासाल, असा प्रश्न होता. मी उत्तराची सुरुवातच 'समजा, पाणी स्वच्छ आहे' अशी केली होती आणि पुढं दोन पानं गणित मांडलं होतं. सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून लिहिलं, 'मग तपासायचं कशाला?' पेपर परत देताना हळूच म्हणाले, "दत्ता, आकडे तुझं ऐकतात. पाणी नाही ऐकत. जरा थांबून बघायला शीक." मी मान हलवली आणि त्याच मिनिटाला डोक्यात भागाकार सुरू केला. पंचवीसपैकी नऊ म्हणजे शंभरात छत्तीस.

त्याच रविवारी मामा आले. मामा रांजणगावच्या एका कंपनीत टाइमकीपर. त्यांना बस न्यायला यायची, बूट मिळायचे, आणि आमच्या घरात त्यांच्या शब्दाला त्या बुटांएवढं वजन होतं. आईनं शेंगोळी केली होती. मामांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि म्हणाले, "लॅबमदी दोन पोरं घ्यायचीत पुढल्या साली. मी साहेबाच्या कानावर घातलंय. पर एक हाय, दत्तू. साठ टक्के पायजेत. साठ म्हंजी साठ. एकुणसाठ पॉइंट नऊ आलं तर मी काय, माझा साहेब बी काय करू शकत न्हाई. गेटवरनं माघारी."

"किती हायेत रं तुझं?" आईनं आतून विचारलं.

"त्रेसष्ट," मी म्हणालो.

"मंग झालं की," आप्पा म्हणाले आणि मांडीवर दोनदा टिक टिक केलं. तिकीट फाटलं, पोरगं बसलं.

मी पडवीत गेलो आणि तिकीट उलटं केलं. आठ पेपरांत त्रेसष्टची सरासरी, म्हणजे पाचशे चार. त्यात ऑनर्सच्या दोन पेपरांचे छत्तीस-छत्तीस, झाले पाचशे शहात्तर. भागिले दहा. सत्तावन्न पूर्णांक सहा. गेटवरनं माघारी. मी तो हिशेब तीन तिकिटांवर तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो बरोबर आला. माझे हिशेब चुकत नसत, हीच तर सगळी गोम होती. अभ्यास करून छत्तीसचे साठ करता येतात, हा विचारही मनात डोकावला. पण तिकिटाच्या मागं त्याला जागा उरली नव्हती.

नाव काढून घ्यायची शेवटची तारीख आठवड्यानंतरच्या सोमवारी होती आणि अर्जावर विषयशिक्षकाची सही लागायची. त्या आठवड्यात कॉलेजात, बाकीच्या चौघांदेखत, अर्ज पुढं करणं मला जमलं नाही, आणि सर पुन्हा येणार ते मंगळवारी. म्हणजे पुढच्या रविवारी दौंड गाठणं आलं. आप्पांना म्हणालो, सरांना शंका विचारायच्यात. आप्पा खूश. त्यांनी मला तिसऱ्या सीटवर, खिडकीशी, सरांच्या जागेवर बसवलं आणि गाडीतल्या एका म्हाताऱ्याला सांगितलं, "पोरगं हाय माझं. ऑनर घेतलंय त्यानं." भीमेचा पूल आला तेव्हा पंच वाजवत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "मोकळ्या हातानं जाऊ नगं. दौंडात उतरलास की शेवचिवडा घी." मी घेतला. अर्ज चार घड्या करून शर्टाच्या खिशात आणि शेवचिवड्याचा पुडा हातात, असा मी भालेराव सरांच्या दारात उभा राहिलो.

घर रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. मालगाडी गेली की फडताळातल्या ताटल्या एकमेकींवर थरथरत आणि ती लांब गेल्यावरही एखादी वाटी उगाच वाजत राही. सर दुकानात गेले होते. त्यांच्या आई चुलीपुढं बसल्या होत्या. मी जयभीम केला, नाव सांगितलं. त्यांनी हातातलं पीठ झटकलं आणि माझ्याकडं असं पाहिलं जसं कुणी हरवलेलं भांडं सापडल्यावर पाहावं.

"दत्ता? वडगावचा दत्ता व्हय?"

मी म्हणालो, "मी शिरूरचा. आजोळ वडगाव."

"त्येच की!" त्यांनी फडताळाकडं बोट केलं. तिथं त्या पाच बाटल्या ओळीत ठेवलेल्या होत्या, अजून रिकाम्या. "मला वाचता येत न्हाई. पर त्यानं सांगितलं तशी वळखते. ही संगीता, हा अन्वर, हा पोपट, ही इजया आन् हा तू. रोज पुसून ठिवते." मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या, "पाच पोरं झाली म्हंजी तास भरत्यात. तास भरलं म्हंजी त्येची जागा कायम हुती. सा वर्सं झाली, बाबा, येरझाऱ्या घालतोय येष्टीनं. म्या म्हनलं, बघीन तरी त्या पाच पोरांना. तू पयला आलास."

हे मला ठाऊक नव्हतं. इतकं तरी माझ्या बाजूनं लिहितो. पाच लागतात हे माहीत होतं, पण त्या पाचांवर सरांची जागा टेकलेली आहे हे मला त्या चुलीपुढं कळलं. म्हणजे त्या क्षणापासून पुढं जे केलं ते कळून केलं. सर आले, मला पाहून खूश झाले, जेवायलाच बस म्हणाले. भीमेची चिलापी मासळी होती, लाल रश्शात, आणि बाजरीची भाकरी अशी गरम की बोटं पोळावीत. आईंनी दोन तुकडे वाढले. मी खाल्ले. "घी की, लाजतोस काय?" म्हणून तिसरा वाढला. माझ्या खिशातला अर्ज घामानं छातीला चिकटला होता, आणि तरी मी तो तिसरा तुकडा काटे चोखून खाल्ला. माझ्या भुकेनं मला आयुष्यात कधी दगा दिला नाही. त्या दिवशी द्यायला हवा होता.

घरात अर्ज काढायचं धैर्य झालं नाही. सर मला स्टँडपर्यंत पोचवायला आले. आप्पांची गाडी लागायला अवकाश होता. स्टँडबाहेरच्या चहाच्या टपरीवर, बाकड्यावर, मी अर्ज काढला. सोबत तिकिटंही काढली, तीन. हिशेब दाखवला: पाचशे चार, पाचशे शहात्तर, सत्तावन्न पूर्णांक सहा. मामांच्या कंपनीचं सांगितलं. सरांनी तिन्ही तिकिटं शांतपणे वाचली. परीक्षेचा पेपर तपासावा तशी. मग माझ्याकडं पाहिलं, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा तिकिटाकडं पाहिलं.

"हे दोन पेपर तू यात मिळवलेत," ते म्हणाले.

"हो ना सर. मिळवावेच लागणार."

चहावाल्यानं दोन ग्लास ठेवले. "बेरीज बरोबर आहे," सर म्हणाले. खिशातून पेन काढलं, अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख, अक्षर तेच बाटलीवरचं. "आईला सांगू नकोस," एवढंच म्हणाले. "मी सांगेन सवडीनं." तेवढ्यात आप्पांची गाडी वळली. आप्पा खाली उतरून म्हणाले, "काय सर, झाल्या का शंका दूर?" सर म्हणाले, "झाल्या." त्यांनी माझ्या चहाचेही पैसे दिले.

चारांवर ऑनर्स सुरू झालं नाही. चौघांना कळलं की नाव मी काढलं, संगीता माझ्याशी वर्षभर बोलली नाही, आणि पोपट एवढंच म्हणाला, "सरासरी, तू लेका आम्हाला पण सरासरीत काढलंस." माझ्यासाठी त्या कोपऱ्यातला चहा बंद झाला. सरांचे तास कमी झाले, मग दिवाळीनंतर संपले. एक दिवस जेवताना आप्पा म्हणाले, "तुझं सर दिसंनात गाडीला. आजारी हायेत का?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

पुढचा महिनाभर ते विचारत राहिले. "आज बी तिसरी शीट मोकळी आली रं." मग विचारायचं थांबले. त्यांना काही कळलं होतं का, मला सांगता येणार नाही. कंडक्टरला गाडीतल्या गोष्टी गाडीत बसलेल्यांच्या आधी कळतात. मी पास झालो, बासष्ट टक्के, रांजणगावच्या लॅबमध्ये लागलो, आणि आप्पांनी शिरूर ते दौंड गाडीत पेढे वाटले. संध्याकाळी रिकामी पिशवी खुंटीला लावता लावता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "सर असतं तर पयला त्यास्नी दिला असता." त्यांची बोटं त्या दिवशी वाजत नव्हती.

कंपनीत मला तीन वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. टाक्यांमधलं पाणी दर दोन तासांनी बाटलीत भरून लॅबला आणायचं, रजिस्टरला लॅबच्या माणसाची सही घ्यायची, असं एक काम असे. ते ठेकेदाराची माणसं करत. एका सकाळी निळ्या कपड्यातला एक माणूस सहा बाटल्यांची जाळी घेऊन आला आणि रजिस्टर माझ्यापुढं उघडून, रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "दत्ता, इथं सही करायची. या रकान्यात." मी आधी बोट ओळखलं. ओळीवरून न हलणारं. वर पाहिलं तर भालेराव सर.

कायम नोकरीच्या वयात ते बसत नव्हते, आणि ठेकेदार वय विचारत नसे. जवळजवळ दोन वर्षं ते रोज माझ्याकडं बाटल्या आणत होते आणि मी रोज त्यांना सही देत होतो. मी त्यांना सर म्हणायचो, तेव्हा बाकीचे हेल्पर हसायचे. ते स्वतः कधी हसले नाहीत आणि कधी टोचूनही बोलले नाहीत. त्यांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र लॅबमधल्या सगळ्यांत सुवाच्य असत. एकदा पाऊस उघडेपर्यंत शेडखाली आम्ही दोघंच उभे होतो. मी कसंबसं म्हणालो, "सर, त्या वेळी सत्तावन्न झाले असते. मला दुसरा इलाज नव्हता."

ते टाकीकडं पाहत म्हणाले, "नसते झाले. ऑनर्सचे गुण सरासरी वाढत असेल तरच धरायचे होते. कमी होत असेल तर वेगळे दाखवायचे. त्रेसष्टला धक्का नव्हता तुझ्या."

"पण नोटिशीत..."

"मागच्या बाजूला होतं."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत, सर?"

"बोलणार होतो," ते म्हणाले. "पण माझी नोकरी तुझ्या नावावर अडकलेली. मी काहीही बोललो असतो तरी ते माझ्यासाठी बोलल्यासारखं झालं असतं. वाटलं, तू एकदा तरी विचारशील, हे असंच आहे ना म्हणून. तू विचारलं नाहीस." मग जाळी उचलली. "पाऊस कमी झाला. चल, दहाच्या बाटल्या भरायच्यात."

पुढं ठेकेदार बदलला आणि त्याच्याबरोबर माणसंही. सर यायचे थांबले तो दिवस मला आठवत नाही, कारण मी रजेवर होतो. परत आलो तर बाटल्यांवर गिचमिड अक्षर. पुष्कळ वर्षांनी सर वारले, आणि ते मला त्याच आठवड्यात अन्वरकडून कळलं. किडनीचं दुखणं होतं म्हणाला. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या विधीला, दौंडला गेलो. गाडी होती माझ्याकडं तेव्हा, तरी एसटीनं गेलो. का, ते विचारू नये. कंडक्टर तरुण होता, हातात मशीन, पंच नाही. तिसऱ्या सीटवर एक कॉलेजची मुलगी मोबाइल पाहत बसली होती.

मुक्ताला मी या रविवारी एवढंच विचारलं, "नियमांचं शेवटचं पान वाचलंस का?" ती म्हणाली, "अहो पप्पा, पीडीएफ छत्तीस पानांची आहे." मी म्हणालो, वाच. मग विचारलं, तुझ्याबरोबर कोण कोण आहेत, किती जण लागतात, शिकवणारे कायम आहेत का तासिकेवरचे. तिनं आईकडं असं पाहिलं की पप्पांचं काहीतरी बिघडलं. मुलीला यापुढचं सांगायला मला तोंड नाही, म्हणून लिहितो. बुधवारच्या आत तिला वाचायला देईन.

त्या दिवशी दौंडला सरांचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, माणसं पांगली. ताटल्या अजून तशाच थरथरत होत्या. सरांच्या आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, नजर अधू झालेली. मी जवळ जाऊन नाव सांगितलं. "वडगावचा दत्ता?" त्या म्हणाल्या, आणि सुनेला, सरांच्या बायकोला, हाक मारली, "चहा टाक गं. पाचातला आलाय." सून फडताळाशी गेली. बाटल्या तिथंच होत्या. एकीत जिरं, एकीत मोहरी, एकीत हळद. तिनं चहाची पूड काढली त्या बाटलीवरची चिठ्ठी पिवळी पडली होती, पण अक्षर वाचता येत होतं. माझं नाव, माझं आजोळ.

चहा उकळत असताना आईंनी माझा हात चाचपून धरला. म्हणाल्या, "एक इचारू का रं? तवा पाचातल्या एकानं नाव काढलं म्हनं. कोन, ते त्यानं मला कवा सांगितलं न्हाई. मरंस्तवर न्हाई. म्या लई येळा इचारलं. तू तर व्हतास तितं. तुला ठावं आसंल."

सून कप घेऊन आली. मी कप हातात घेतला.

"न्हाई, आई," मी म्हणालो. "मला न्हाई ठावं."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "आसू दे. त्येला बी कायतरी अडचन आसंल," त्या म्हणाल्या. "तू चहा घी. गार हुईल."

मी तो चहा प्यायलो. सगळा.